सांख्यिकीय प्रश्न ओळखताना मुलं पुन्हा पुन्हा तिथेच का चुकतात, आणि ते कसं दुरुस्त करायचं

तक्रार नेहमी सारखीच असते. सहावी-सातवीच्या मुलाला दहा प्रश्न दिले आणि ‘यातले सांख्यिकीय कोणते?’ असं विचारलं, की चार-पाच हमखास चुकतात. व्याख्या पाठ असते: ज्याच्या उत्तरासाठी गोळा केलेल्या माहितीत फरक अपेक्षित असतो, तो सांख्यिकीय प्रश्न. पुढच्या आठवड्यात नवे दहा दिले तरी चुका त्याच, आणि चुकणारे प्रश्नही त्याच जातीचे.

म्हणजे पाठांतर कमी पडत नाही. फरक अपेक्षित असतो हे मुलाला माहीत आहे, पण तो फरक नेमका कुठे शोधायचा ते माहीत नाही. मग मूल तो फरक आकड्यात शोधतं, अनेकवचनात शोधतं, ‘साधारण’ या शब्दात शोधतं. शोधायचा असतो तो उत्तरासाठी जमवाव्या लागणाऱ्या नोंदींमध्ये. प्रश्नाच्या शब्दांवरून निवाडा करायची सवय मोडणं हाच खरा उपाय आहे. खालचं सगळं त्याच एका कामासाठी आहे.

आधी रिकामी सारणी

प्रश्न वाचल्यावर उत्तर द्यायचं नाही. वहीत दोन रकान्यांची रिकामी सारणी आखायची. डाव्या रकान्याच्या डोक्यावर लिहायचं: कोणाचं, किंवा कोणत्या दिवसाचं, किंवा कोणत्या ठिकाणचं. उजव्या रकान्याच्या डोक्यावर लिहायचं: काय मोजणार किंवा काय विचारणार. मग स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. या सारणीला ओळी किती लागतील? आणि उजवा रकाना भरला, तर त्यात वेगवेगळ्या नोंदी येतील का?

एकच ओळ लागत असेल तर प्रश्न सांख्यिकीय नाही, तिथेच थांबा. ओळी पुष्कळ आहेत पण उजवीकडे वरपासून खालपर्यंत एकच नोंद येणार असेल, तरीही नाही. ओळी अनेक आणि नोंदी वेगवेगळ्या, तरच सांख्यिकीय.

समजावून द्यायला पुण्याच्या पीएमपी या शहर बससेवेचं उदाहरण उत्तम. ‘स्वारगेट ते कात्रज पीएमपीचं तिकीट किती?’ यासाठी शंभर प्रवाशांना विचारलं तरी दरपत्रकातला तोच आकडा शंभरदा लिहावा लागेल. ‘स्वारगेट ते कात्रज बसला किती मिनिटं लागतात?’ इथे सकाळी सातची बस, सकाळी दहाची बस, रविवारची बस, भर पावसातली बस, प्रत्येकीची नोंद निराळी. रस्ता तोच, बस तीच, दोन्ही प्रश्नांत ‘किती’ आहे, उत्तर दोन्हीकडे आकड्यात. तरी एक सांख्यिकीय आणि दुसरा नाही. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दोन्हींच्या सारण्या प्रत्यक्ष आखून घ्या. तोंडी सांगून भागत नाही. मुलाच्या हाताने ओळी ओढल्या गेल्या की मुद्दा पोचतो.

लक्षण: आकडा दिसला की ‘सांख्यिकीय’

ही सगळ्यात मोठी चूक, आणि कारणही सरळ आहे. ‘सांख्यिकी’ या शब्दातच ‘संख्या’ ऐकू येते. म्हणून ‘पानशेतचं धरण कोणत्या साली फुटलं?’ यावर मूल आनंदाने बरोबरची खूण करतं. उत्तर १९६१, तारीख हवी असेल तर १२ जुलै. घटना एक, ओळ एक. ‘पुणे मेट्रोचा पहिला टप्पा कधी सुरू झाला?’ हेही तसंच: ६ मार्च २०२२. असं उत्तर एकदा शोधलं की काम संपतं, गोळा करण्यासारखं काही उरत नाही.

याच्या उलट बाजूची चूक कमी वेळा पकडली जाते. ‘सातवीतली मुलं डब्यात काय आणतात?’ याच्या उत्तरात एकही आकडा नाही: पोळी-भाजी, पोहे, उपमा, इडली. मूल म्हणतं, संख्या नाही, म्हणजे सांख्यिकीय नाही. सारणी आखा. ओळी चाळीस, नोंदी वेगवेगळ्या. सांख्यिकीयच. याचा स्तंभालेख काढता येतो, बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद) सांगता येतो. फक्त मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद) काढता येत नाहीत. ‘संख्या नाही’ ही तक्रार तेवढ्यापुरतीच खरी.

मराठीच्या वळणामुळे होणारी फसगत

इथे थोडं थांबायला हवं, कारण इंग्रजी सरावपत्रांची मराठी रूपं करताना ही अडचण नव्याने तयार होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आदरार्थी अनेकवचन घ्या. ‘सरांचं वय किती?’ मुलाला शिकवलेलं असतं की अनेकांबद्दल विचारलं असेल तर सांख्यिकीय. ‘सरांचं’ हे रूप एका सरांसाठीही तेच आणि पाच सरांसाठीही तेच. मुलाने अनेक धरले तर दोष त्याचा नाही. प्रश्न लिहिणाऱ्याने ‘आपल्या वर्गशिक्षकांचं’ किंवा ‘शाळेतल्या सगळ्या शिक्षकांची वयं’ असं लिहायला हवं होतं.

‘तुम्ही शाळेत कसे येता?’ हा त्याहून अवघड नमुना. ‘तुम्ही’ म्हणजे समोरची एक आदरणीय व्यक्ती की पूर्ण वर्ग? एका पाहुण्याला विचारलं तर एक ओळ, वर्गाला विचारलं तर चाळीस. सरावपत्रात हा प्रश्न आहे तसा ठेवू नका.

मग क्रियापदाचा काळ. ‘दूधवाला आज किती वाजता आला?’ ओळ एक. ‘दूधवाला किती वाजता येतो?’ दूधवाला तोच, पण ‘येतो’ या रीतिवर्तमानात रोजची सकाळ दडलेली आहे. डाव्या रकान्यात माणसं नाहीत, तारखा येतील. सोमवारी ६:१०, मंगळवारी ६:२५, बुधवारी ६:०५. एकाच माणसाबद्दलचा प्रश्नही सांख्यिकीय असू शकतो, हे मुलांना सहजी सुचत नाही, कारण बहुतेक उदाहरणांत ‘अनेक’ म्हणजे अनेक माणसंच असतात. दिवस, फेऱ्या, झाडं, पिशव्या, सामने, काहीही ओळ होऊ शकतं.

‘साधारण’ या शब्दाने तर दोन्हीकडून गोंधळ होतो. कोणीतरी युक्ती सांगतं: ‘साधारण’ दिसलं की सांख्यिकीय. ‘पुण्याहून मुंबई साधारण किती किलोमीटर?’ या वाक्यात साधारण म्हणजे अंदाजे. अंतर एकच आहे, ते फक्त ढोबळ सांगायचंय. ‘मुंबईला जायला साधारण किती वेळ लागतो?’ इथे साधारण म्हणजे बहुतेक वेळा. प्रवास अनेक, वेळा निराळ्या. शब्द एकच, अर्थ दोन. ही युक्ती शिकवूच नका.

त्यातल्या त्यात भरवशाची खूण द्यायचीच असेल तर ती ‘कोण कोण’ अशा द्विरुक्तीची नव्हे, जोडीची: ‘कोणाला किती’, ‘कुठे किती’, ‘कोणत्या दिवशी किती’. प्रश्न या साच्यात बसवता आला तर बहुतेक वेळा सारणीचे दोन्ही रकाने आपोआप मिळतात. ‘कोण कोण गैरहजर आहे?’ यातही द्विरुक्ती आहे, पण तिथे नावांची यादी हवी आहे, गटाचं चित्र नको आहे. ‘या महिन्यात कोण किती दिवस गैरहजर होतं?’ हा झाला सांख्यिकीय प्रश्न.

लक्षण: ‘सरासरी’ला नकार

‘सातवी ब मधल्या मुलांची सरासरी उंची किती?’ हुशार मुलं इथे चुकतात. त्यांचं म्हणणं असं की सरासरी एकच येणार, १४६ सेंटिमीटर म्हणा, म्हणजे उत्तर एक, म्हणजे सांख्यिकीय नाही. त्यांना ‘उत्तर एकच’ असं शिकवलं गेलंय आणि ती भाषाच घातक आहे. व्याख्या सांगताना ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ असं म्हणू नका. ‘उत्तरासाठी जमवलेल्या नोंदी वेगवेगळ्या’ असं म्हणा. सरासरीपर्यंत पोचायला चाळीस उंच्या मोजाव्या लागतात आणि त्या सारख्या नसतात. सारख्या असत्या तर सरासरी काढायची गरजच नव्हती.

पण ‘४, ७, ९, १२ यांचा मध्य काढा’ हा प्रश्न? इथे गोळा करायचं काहीच नाही. चार संख्या दिल्यात, बेरीज ३२, भागिले ४, उत्तर ८. हे सांख्यिकीच्या धड्यातलं गणित आहे, सांख्यिकीय प्रश्न नव्हे. पुस्तकाच्या शेवटच्या धड्यात आहे म्हणून मूल त्याला सांख्यिकीय म्हणतं. या दोन उदाहरणांची जोडी पाठोपाठ द्या.

‘काल पुण्यात किती पाऊस पडला?’

या प्रश्नावर वर्गात वाद होतोच, आणि तो होऊ द्यावा. यात या विषयातलं बरंच काही एका ठिकाणी सापडतं.

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण वर्तमानपत्रात ‘पुण्याचा पाऊस’ म्हणून बहुधा शिवाजीनगरचाच आकडा छापून येतो. २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा धरतात. तेव्हा ‘काल सकाळी ८:३० ते आज सकाळी ८:३० या वेळात शिवाजीनगरला किती मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला?’ असं विचारलं तर पर्जन्यमापक एक, दिवस एक, ओळ एक. सांख्यिकीय नाही.

आता डाव्या रकान्यात शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव अशी ठिकाणं लिहा. पाषाणला धो धो आणि लोहगावला नुसता शिडकावा, हे पुण्यात नवीन नाही. ‘काल पुणे शहरात वेगवेगळ्या ठिकाणी किती पाऊस पडला?’ हा सांख्यिकीय. तिसरं रूप: ठिकाण एकच, शिवाजीनगर, पण ओळींमध्ये वर्षं. ‘गेल्या ३० वर्षांत शिवाजीनगरला जून महिन्यात किती पाऊस पडला?’ तीस ओळी, तीस निराळे आकडे.

मूळ वाक्यात यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. म्हणून ‘बरोबर उत्तर कोणतं’ यावर अडून बसू नका. मुलाने कोणती सारणी मनात धरली ते विचारा.

याच्याच शेजारचा प्रश्न: ‘उद्या पाऊस पडेल का?’ उत्तर अनिश्चित आहे म्हणून मुलं याला सांख्यिकीय म्हणतात. अनिश्चित असणं वेगळं, नोंदींत फरक असणं वेगळं. उद्याचा दिवस एकच आहे, ओळ एकच आहे, ती फक्त अजून भरलेली नाही. अंदाज बांधायला मागच्या अनेक वर्षांची सामग्री, म्हणजे जमवलेल्या नोंदी, लागते हे खरं, पण ती सामग्री मागवणारा प्रश्न निराळा लिहावा लागतो: ‘शिवाजीनगरला दरवर्षी जूनमध्ये पावसाचे दिवस किती असतात?’ इथे ‘पावसाचा दिवस’ म्हणजे काय तेही ठरवायला लागतं. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा मानतं. अशी व्याख्या आधी केली नाही तर दोन मुलं एकाच वहीतून दोन वेगळे आकडे काढतील.

मार्केट यार्डातल्या भावाचंही असंच. ‘आज कांद्याचा भाव काय?’ या साध्या वाक्यात किती ओळी आहेत ते बाजार समितीच्या रोजच्या दरतक्त्यात दिसतं. तिथे क्विंटलमागे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. एकच भाव असता तर तीन रकाने कशाला लागले असते? ‘या एका गोणीचा सौदा किती रुपयांना ठरला?’ हा मात्र एका ओळीचा प्रश्न.

पर्वतीच्या पायऱ्या, म्हणजे मोजण्यातली चूक

‘पर्वतीला किती पायऱ्या आहेत?’ पर्वती ही पुण्यातली टेकडी; तिच्या पायऱ्या दगडाच्या आहेत, त्या रोज बदलत नाहीत. ओळ एक. पण सहलीला गेलेल्या तीस मुलांना मोजायला सांगितलं तर तीसही आकडे सारखे येत नाहीत. कुणी सपाट टप्पा पायरी म्हणून धरतं, कुणाचं मध्येच लक्ष जातं. मग एखादं मूल विचारतं की नोंदी तर वेगळ्या आल्या, हा प्रश्न सांख्यिकीय का नाही?

प्रश्नाला काय हवंय ते पाहा. त्याला पायऱ्यांची संख्या हवी आहे, आणि ती एकच आहे. नोंदींतला फरक मोजणाऱ्यांनी आणला. ‘पर्वतीच्या पायऱ्या मोजताना मुलांचे आकडे एकमेकांपासून किती लांब जातात?’ असं विचारलं तर प्रश्न पायऱ्यांचा राहिला नाही, मोजणीचा झाला, आणि तो सांख्यिकीय आहे. बाकाची लांबी तीस जणांनी पट्टीने मोजली तरी हेच होतं. ही चर्चा सहावीत लांबवू नका. आठवी-नववीत मात्र जरूर करा.

अर्जातला प्रश्न आणि शोधाचा प्रश्न

सर्वेक्षणाच्या कागदावर छापलेला प्रश्न असतो: ‘तुला घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात?’ हा एका मुलाला विचारलेला आहे, उत्तर एक. हाच प्रश्न चाळीस जणांना दिला की सामग्री तयार होते, पण ती जमवायला लावणारा प्रश्न वेगळा असतो: ‘आपल्या वर्गातल्या मुलांना शाळेत यायला किती वेळ लागतो?’ पहिला नोंदीचा प्रश्न, दुसरा शोधाचा. सांख्यिकीय म्हणायचं ते दुसऱ्याला. पुष्कळ सरावपत्रांमध्ये पहिलाच सांख्यिकीय म्हणून छापलेला असतो आणि मग मुलाच्या डोक्यातली सारणी कोलमडते. असा प्रश्न दिसला तर खोडून दुसऱ्या रूपात लिहून द्या.

या प्रश्नावर प्रत्यक्ष काम करून घेणं सर्वात उपयोगाचं. समजा बारा मुलांच्या नोंदी मिनिटांत अशा आल्या: ५, ८, १०, १०, १२, १५, १५, १५, २०, २५, ३५, ६०. बेरीज २३०, मध्य सुमारे १९. चढत्या क्रमाने सहावी आणि सातवी नोंद १५, म्हणून मध्यक १५, बहुलकही १५. मध्य चार मिनिटांनी पुढे का गेला? त्या एका साठमुळे. ती नोंद काढली तर अकरा जणांचा मध्य साडेपंधराच्या आसपास येतो. पण काढायची नाही, तिला विचारायचं: हे मूल पिरंगुटहून येतं का, की दोन बस बदलतं?

या नोंदींमध्ये १०, १५, २० असे गोल आकडे जास्त दिसतात, कारण मुलं आठवून सांगतात. दाराबाहेर पडतानाची आणि शाळेच्या फाटकातली वेळ घड्याळात पाहून पाच दिवस लिहायला सांगा. मग १३ आणि १७ सुद्धा दिसू लागतात.

मोडका प्रश्न दुरुस्त करताना

ओळखता येऊ लागल्यावर पुढची पायरी म्हणजे साधा प्रश्न बदलून सांख्यिकीय करणं. त्यासाठी चार जागा भरायच्या: ओळ कशाची, गट कोणता, काय आणि कोणत्या एककात मोजायचं, आणि कोणत्या काळात. ‘भाताचं उत्पन्न किती?’ यात चारही जागा रिकाम्या आहेत. ‘या खरिपात मावळ तालुक्यातल्या इंद्रायणी भाताच्या शेतांत हेक्टरी किती क्विंटल उत्पन्न आलं?’ इथे चारही भरल्या. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी देशातल्या पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुन्याने कसा घ्यायचा यावर मोलाचं काम केलं. सगळी शेतं कापून मोजणं अशक्य, म्हणून यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या छोट्या तुकड्यांवर पीककापणी करायची. शेताशेताचं उत्पन्न निराळं असतं, म्हणूनच ही खटपट लागते.

‘अलका टॉकीज चौकातला सिग्नल किती सेकंद लाल असतो?’ टायमर ठरावीक असेल तर आकडा एक. ‘संध्याकाळी ६ ते ७ या वेळात अलका टॉकीज चौकात एका गाडीला सिग्नलवर किती सेकंद थांबावं लागतं?’ हा झाला दुरुस्त प्रश्न. कुणी सिग्नल हिरवा असतानाच येतं, कुणी लाल होता होता.

‘पुण्यात कोंडी का होते?’ हा कारणाचा प्रश्न. याची एका फटक्यात दुरुस्ती होत नाही. त्यातून दोन-तीन सांख्यिकीय प्रश्न काढावे लागतात: सोमवारी आणि रविवारी त्याच चौकात तासाला किती गाड्या जातात, पावसाच्या दिवशी थांबण्याचा वेळ किती वाढतो. ‘पुण्याची हवा कशी आहे?’ हाही मोघम. कोणतं ठिकाण, कोणता महिना, कोणता घटक, हे ठरल्याशिवाय सारणीचा उजवा रकानाच तयार होत नाही.

गुण देताना

फक्त ‘हो/नाही’ची खूण तपासली तर अंदाजाने निम्मे बरोबर येतात आणि चूक झाकली जाते. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण ठेवा: एक वर्गीकरणाचा, एक सारणीच्या डाव्या रकान्यात काय येईल ते लिहिण्याचा. एका वेळी सहापेक्षा जास्त प्रश्न देऊ नका. त्यातले चार जोडीचे ठेवा (तिकीट आणि वेळ, आज आला आणि रोज येतो), दोन सुटे. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एखाद्याने तुमच्या उत्तरसूचीपेक्षा वेगळी खूण केली, पण डाव्या रकान्यात ‘शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव’ असं नीट लिहिलं, तर त्याला दोन्ही गुण द्या आणि प्रश्नाचे शब्द पुढच्या वेळेसाठी बदलून ठेवा.